आजोबांची पिवळी पुस्तिका आणि आईचा क्यूआर कोड

(आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे लेखी रूप. बोलताना झालेले "म्हणजे", "अं" काढून टाकलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आज माझ्यासमोर टेबलावर दोन गोष्टी आहेत.

एक आहे पिवळ्या रंगाची छोटी पुस्तिका, कडा मऊ पडलेल्या. ती माझ्या आजोबांची, म्हणजे आईच्या वडिलांची. ते फिटर होते. १९७४ साली सांताक्रूझ विमानतळावरून कुवेतला गेले, तेव्हा पासपोर्टसोबत ही पुस्तिका होती. आत देवीच्या लशीची नोंद, पटकीच्या लशीची नोंद आणि प्रत्येक नोंदीवर गोल शिक्का.

दुसरी आहे प्लॅस्टिकची फाइल. ती आईची, ऑक्टोबर २०२१ मधली. त्यात लसीकरणाचं प्रमाणपत्र, त्याच्या चार झेरॉक्स, ब्रिटनचा पॅसेंजर लोकेटर फॉर्म, तिथे पोचल्यावर करायच्या टेस्टच्या बुकिंगची पावती, परतीसाठी एअर सुविधाची माहिती, आणि आईने स्वतःच्या अक्षरात लिहिलेला एक कागद : "कुठे काय दाखवायचं".

आजोबांची एक पुस्तिका, आईची जाड फाइल. मधे ४७ वर्षं गेली, इंटरनेट आलं, मोबाइल आला, आणि कागद वाढले! असं का झालं, ते आज बघायचंय. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

जहाज हळू होतं, म्हणून चालून गेलं

प्रवाशाला आरोग्याचे कागद मागायची पद्धत विमानापेक्षा कितीतरी जुनी आहे. १३७७ साली रागुसा, म्हणजे आजच्या क्रोएशियातलं दुब्रॉव्निक, या बंदराने नियम केला की प्लेगच्या भागातून येणाऱ्यांनी आधी ३० दिवस बाहेर थांबायचं, मग शहरात यायचं. पुढे हा काळ ४० दिवसांचा झाला. इटालियन भाषेत चाळीसला 'क्वारांता' म्हणतात, तिथून 'क्वारंटाइन' आलं.

मग जहाजांसोबत कागद आले. जहाज ज्या बंदरातून निघालं तिथे साथ आहे की नाही, हे त्या बंदराचा अधिकारी लिहून द्यायचा. साथ नसेल तर 'स्वच्छ' दाखला, असेल तर 'अस्वच्छ'. इथे एक गोष्ट लक्षात घ्या, कारण आजचा सगळा भाग तिच्यावर उभा आहे. तो कागद जहाजावरच्या कुणाचीही तब्येत सांगत नव्हता. मागच्या बंदरातल्या अधिकाऱ्याचा शब्द पुढच्या बंदरात नेऊन पोचवणं, एवढंच त्याचं काम. पुढचं बंदर त्या शब्दावर विश्वास ठेवणार की नाही, हे मात्र कागदात लिहिलेलं नसायचं.

तरी हे बऱ्यापैकी चाललं, कारण जहाज हळू होतं. मुंबईहून युरोपला जायला दोन-तीन आठवडे लागायचे. अंगात रोग असेल तर तो वाटेतच दिसायचा. म्हणजे समुद्र स्वतःच एक क्वारंटाइन होता.

मुंबई, १८९६

आता आपल्या घराजवळ येऊ. २३ सप्टेंबर १८९६ रोजी मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. हे डॉक्टर मूळचे गोव्याचे. बातमी पसरली आणि जगाने मुंबईकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर आपल्या पिढीला २०२० नंतर ओळखीची वाटेल.

१८९७ च्या सुरुवातीला युरोपातल्या देशांनी व्हेनिसमध्ये खास प्लेगसाठी आंतरराष्ट्रीय परिषद भरवली. त्यांची मोठी काळजी होती मुंबईहून निघणारी जहाजं आणि हजचे यात्रेकरू. त्या वर्षी मुंबईहून हजला जाणं सरकारने थांबवलं. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. हाच तो कायदा, जो मार्च २०२० मध्ये राज्य सरकारांनी पुन्हा बाहेर काढला. पुण्यात रँडच्या कारभारात घराघरात शिरून तपासण्या झाल्या. पुढे काय घडलं ते आपण शाळेत शिकलोय, त्यात आज जात नाही.

कागदांबद्दल मात्र बोलतो. देशाच्या आतसुद्धा कागद आले. रेल्वे स्टेशनांवर प्रवाशांना उतरवून तपासायला सुरुवात झाली. मद्रास इलाख्यात तर 'प्लेग पासपोर्ट' होता. प्लेगच्या भागातून आलेल्या माणसाने तो जवळ बाळगायचा आणि जिथे पोचला तिथे दहा दिवस रोज हजेरी लावायची. होम क्वारंटाइनचा शिक्का हातावर घेऊन फिरलेल्यांना हे नवीन वाटणार नाही.

त्याच वेळी मुंबईत वाल्डेमार हाफकिन प्लेगची लस तयार करत होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन इन्स्टिट्यूट त्यांच्याच नावाची. ज्यांनी लस घेतली त्यांना दाखला मिळू लागला, आणि काही ठिकाणी तो दाखवला की सक्तीच्या छावणीतून सूट मिळायची. म्हणजे "लस घेतली असेल तर सोडा, नसेल तर अडवा" हा प्रकार आपल्याकडे सव्वाशे वर्षांपूर्वीच सुरू झाला होता.

विमान आलं आणि समुद्राचं क्वारंटाइन संपलं

विमानाने सगळं गणित बदललं. देवीचा विषाणू अंगात शिरल्यापासून ताप यायला साधारण बारा दिवस लागतात. मुंबई-लंडन विमानाला नऊ-दहा तास. माणूस ठणठणीत चढतो, ठणठणीत उतरतो, आणि दीड आठवड्याने तिथल्या हॉस्पिटलमध्ये भरती होतो. विमानतळावर डॉक्टर बसवून उपयोग नाही, कारण त्याला दिसणार काय? तेव्हा आज अंगात काय आहे ते दिसत नसेल, तर मागे काय केलंय याचा पुरावा मागायचा. म्हणजे लशीचा दाखला.

१९३३ साली हेगमध्ये फक्त हवाई प्रवासासाठी पहिला आरोग्य करार झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर जागतिक आरोग्य संघटना आली. १९५१ मध्ये तिने सगळ्या देशांसाठी एकच नियमावली केली. त्यात सहा रोग होते : प्लेग, पटकी, पीतज्वर, देवी, टायफस आणि उलटून येणारा ताप. सोबत लशीच्या दाखल्याचा नमुनाही ठरवून दिला. रकाने कोणते, सही कुठे, शिक्का कुठे, सगळं ठरलेलं. आजोबांची पिवळी पुस्तिका त्याच घराण्यातली.

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला त्या पुस्तिकेत एक सुंदर डेटा फॉरमॅट दिसतो. पहिल्यांदाच देवीची लस घेतली असेल तर आठ दिवसांनी दाखला लागू, आणि मुदत तीन वर्षं. पटकीचा सहा दिवसांनी लागू, मुदत सहा महिने. मजकूर इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये. कुवेतच्या अधिकाऱ्याला मराठी यायची गरज नाही, आमच्या आजोबांना अरबी यायची गरज नाही. दोघांमध्ये बोलणी आधीच होऊन गेलेली, जिनिव्हात.

या नियमावलीत आणखी एक कलम होतं. मला ते फार महत्त्वाचं वाटतं. यात सांगितलेल्या आरोग्य कागदांखेरीज दुसरे कागद आंतरराष्ट्रीय प्रवाशाकडे मागू नयेत. बघा, हे कलम प्रवाशाच्या बाजूचं आहे! एक ठरलेला कागद दाखवला की तुम्ही मोकळे.

कागद कधी मरतो?

पण हे सगळं गोड गोड होतं असं समजू नका. १९७४ साली भारतात देवीची साथ जोरात होती, बिहारमध्ये तर भयंकर. जगाला भारतीय प्रवाशाची भीती वाटायला कारण होतं. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९७२ मध्ये, हजहून इराकमार्गे परतलेल्या एका यात्रेकरूमुळे युगोस्लाव्हियात देवी पसरली. १७५ रुग्ण, ३५ मृत्यू, आणि देशाने जवळपास सगळ्या लोकसंख्येला पुन्हा लस टोचली. तेव्हा आजोबांच्या पुस्तिकेतला देवीचा शिक्का हा निव्वळ छळ नव्हता. त्यामागे खरी भीती होती.

पटकीचा शिक्का मात्र वेगळी गोष्ट सांगतो. त्या वेळची पटकीची लस रोगाचा फैलाव थांबवत नाही, हे स्पष्ट झालं होतं. म्हणून १९७३ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने पटकीच्या दाखल्याची अट नियमावलीतून काढायचं ठरवलं. आणि आजोबांच्या पुस्तिकेत पटकीचा शिक्का कधीचा? १९७४ चा. नियम जिनिव्हात मेला, काउंटरवर जिवंत राहिला. आजी सांगायची, एजंटने बजावलं होतं, "दोन्ही शिक्के हवेत, नाहीतर परत पाठवतील." आजोबांनी मुकाट्याने दंड पुढे केला.

देवीचा कागद मात्र खरंच मेला, आणि तो कसा मेला ते छान आहे. भारतातला शेवटचा रुग्ण मे १९७५ मधला. ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य सभेने देवी जगातून गेल्याचं जाहीर केलं. १९८२ पासून देवी नियमावलीतूनच गेली. रोग संपला म्हणून कागद संपला, असं क्वचितच होतं.

पीतज्वराचा दाखला अजून जिवंत आहे. इथे आपण जरा आरशात बघायला हवं. भारतात पीतज्वर नाही, पण तो पसरवणारा एडिस डास भरपूर आहे, तोच आपला डेंग्यूवाला. त्यामुळे आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतल्या पीतज्वराच्या देशातून कुणी वैध दाखल्याशिवाय आलं, तर भारत त्याला सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतो. या बाबतीत आपण जगातल्या कडक देशांपैकी आहोत. १८९७ मध्ये युरोप मुंबईच्या माणसाकडे ज्या नजरेने बघत होता, तशाच नजरेने आपला काउंटर आज केनियाहून आलेल्या माणसाच्या कागदांकडे बघतो. भीती खरी आहे. पण रांगेत उभं राहिल्यावर कसं वाटतं, हे विसरू नये.

ऑक्टोबर २०२१

आता आईची फाइल. ताई लंडनजवळ राहते. तिची पहिली डिलिव्हरी ऑक्टोबरच्या शेवटी होती. २३ मार्च २०२० पासून भारताची नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानसेवा बंद होती, फक्त काही देशांशी 'एअर बबल' करार होते. ब्रिटन त्यात होतं. आईने कोव्हिशील्डचे दोन्ही डोस घेतले होते. आम्हाला वाटलं, झालं काम.

सप्टेंबरमध्ये बातमी आली. ब्रिटनने कोव्हिशील्ड ही लस मान्य केली, पण भारताचं प्रमाणपत्र मान्य नाही. म्हणजे भारतात दोन डोस घेतलेला माणूस लस न घेतलेल्यासारखाच, दहा दिवस घरात कोंडून घ्यायचं. मंडळी, लस तीच, ऑक्सफर्ड-अॅस्ट्राझेनेकाची. फक्त पुण्यात तयार झालेली आणि सातारच्या केंद्रावर टोचलेली. आई म्हणाली, "म्हणजे इंजेक्शन चालतं, पण ते दिलं असं सांगणारा चालत नाही?" मी इतके दिवस वाचून जे समजलो नव्हतो, ते तिने एका वाक्यात सांगितलं.

मुद्दा एका रकान्यावर आला. आपल्या प्रमाणपत्रावर वय लिहिलेलं होतं, आणि ब्रिटनला हवी होती पूर्ण जन्मतारीख. कुठल्याही डेव्हलपरला विचारा, वय कधी साठवत नाहीत, जन्मतारीख साठवतात. वय दर वर्षी बदलतं! पण या एका रकान्यावर दोन सरकारं भांडत होती. ४ ऑक्टोबरपासून भारतानेही ब्रिटिश नागरिकांवर तशीच दहा दिवसांची सक्ती लावली. तोवर कोविनवर परदेशी जाणाऱ्यांसाठी जन्मतारीख असलेलं प्रमाणपत्र आलं होतं. शेवटी ११ ऑक्टोबरपासून ब्रिटनने आपलं प्रमाणपत्र मान्य केलं, आणि दोनच दिवसांनी भारतानेही आपली सक्ती मागे घेतली.

ज्यांना कोव्हॅक्सिन मिळाली होती ते मात्र अजून थांबलेलेच होते. तिला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता ३ नोव्हेंबरला मिळाली आणि ब्रिटनने ती २२ नोव्हेंबरपासून स्वीकारली. कोणती लस मिळणार हे बहुतेकांसाठी त्या दिवशी केंद्रावर काय शिल्लक आहे यावर ठरलं होतं. आईला कोव्हिशील्ड मिळाली, तिच्या बहिणीला कोव्हॅक्सिन. दोघी एकाच आठवड्यात रांगेत उभ्या होत्या.

पुढचा घोळ आमचा घरचा. पासपोर्टवर आईच्या नावापुढे बाबांचं नाव आहे, मग आडनाव. आधारवर मधलं नाव नाही, आणि प्रमाणपत्र आधारवरून आलेलं. मराठी घरात हे किती कॉमन आहे तुम्हाला माहितीये. बायकांच्या बाबतीत तर माहेरचं, सासरचं आणि नवऱ्याचं नाव यांची प्रत्येक कागदावर वेगळीच मांडणी. कोविनवर दुरुस्ती एकदाच करता येईल अशी सूचना होती. मी रात्री साडेअकराला लॅपटॉपसमोर बसलो, प्रॉडक्शनवर थेट कोड टाकताना थरथरत नाहीत तेवढे हात थरथरत होते. पासपोर्ट नंबर जोडला. नाव दुरुस्त केलं. आणि नंतर लक्षात आलं, मधलं नाव आणि आडनाव यांच्यामधली स्पेस राहिली!

विमानतळावर चेक-इन काउंटरवरच्या मुलाने ते बरोब्बर पकडलं. "सर, नाव मॅच होत नाहीये." मी म्हटलं, पासपोर्ट नंबर बघा, जन्मतारीख बघा. तो म्हणाला, मॅडमना विचारावं लागेल. चाळीस मिनिटं आम्ही बाजूला उभे. मागून माणसं पुढे जात होती. आई काही बोलली नाही. फक्त फाइलमधून एक एक कागद काढून, बघून, परत ठेवत होती. ताईसाठी केलेले डिंकाचे लाडू असलेली पिशवी पायाशी. शेवटी सुपरवायझर मॅडम आल्या, दोन्ही कागद शेजारी शेजारी धरून वाचले आणि म्हणाल्या, "जाऊ दे." दोन शब्द. सगळी डिजिटल व्यवस्था त्या दोन शब्दांवर येऊन थांबली होती. आणि त्या मुलाचाही दोष नाही हो. चुकीचे कागद असलेला प्रवासी पोचला तर भुर्दंड विमान कंपनीला. दोन सरकारांनी आपला संशय त्याच्या काउंटरवर आणून ठेवला होता.

मग तो क्यूआर कोड कशाला होता?

हा प्रश्न मी तेव्हा चिडून विचारला होता. थोडं टेक्निकल सांगतो, घाबरू नका.

कोविनच्या क्यूआर कोडमध्ये तुमची माहिती आणि तिच्यावर डिजिटल सही असते. ती सही खोटी करणं जवळपास अशक्य. युरोपने १ जुलै २०२१ पासून स्वतःचं डिजिटल कोविड प्रमाणपत्र सुरू केलं, त्यातही सही असते. दोन्ही उत्तम. पण आतली मांडणी वेगळी, त्यामुळे एकाचा स्कॅनर दुसऱ्याचा कोड वाचू शकत नाही. शिवाय सही तपासायला समोरच्याची 'पब्लिक की' तुमच्या यादीत हवी. सही खरी आहे का, हे गणित सांगतं. ती सही करणाऱ्याला यादीत घ्यायचं का, हे मात्र सरकार ठरवतं. तिथे गणित चालत नाही.

म्हणजे आपण फिरून १४ व्या शतकातल्या बंदरावर आलो. मागच्या बंदराचा शब्द पुढचं बंदर मानणार का?

आणि १९५१ चं ते प्रवाशाच्या बाजूचं कलम? ते २००५ च्या नियमावलीतही आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ मधला सल्लाही हाच होता की प्रवेशासाठी लशीच्या पुराव्याची अट घालू नका. पण त्याच नियमावलीत देशांना जादा उपाय करायची वाटही ठेवलेली आहे, आणि त्या वाटेने सगळे गेले. भारताचं एअर सुविधा, ब्रिटनचा लोकेटर फॉर्म, आखाती देशांचे क्यूआरवाले आरटी-पीसीआर रिपोर्ट. कुणाची टेस्ट ७२ तासांची, कुणाची ४८ ची. सरकारांनी आपसात जी बोलणी करायची, ती करायचं काम आईच्या प्लॅस्टिकच्या फाइलवर आलं. आजोबांचे कागद कमी होते, याचं कारण त्यांचा काळ साधा होता असं नाही. बोलणी आधी झालेली होती, एवढंच.

आता पुन्हा थोडी सुरुवात झाली आहे. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने युरोपची ती प्रमाणपत्रांची पद्धत जगासाठी घ्यायचं ठरवलं. १ जून २०२४ रोजी आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीत बदल मंजूर झाले, त्यात आरोग्याचे कागद छापील किंवा डिजिटल दोन्ही रूपांत असू शकतात असं आलं. पुढच्या साथीआधी पिवळ्या पुस्तिकेसारखा एकच सगळ्यांना वाचता येणारा कोड झाला, तर कुणाच्या तरी आईची चाळीस मिनिटं वाचतील.

एअर सुविधा २२ नोव्हेंबर २०२२ पासून बंद झालं. आई तोवर परत येऊन वर्ष होत आलं होतं. भाची तिच्या पोचण्यानंतर तिसऱ्या दिवशी झाली. ती फाइल मी टाकून देणार होतो, पण आईने ती आजोबांच्या पुस्तिकेच्या शेजारी कपाटात ठेवली. म्हणाली, "असू दे. परत कधी कोण काय मागेल, सांगता येत नाही."

तुमच्या घरात अशी पिवळी पुस्तिका असेल, किंवा स्पेलिंगमुळे काउंटरवर अडकल्याचा किस्सा असेल, तर नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर पासपोर्ट आणि आधारवरचं नाव एकदा शेजारी शेजारी ठेवून वाचा. स्पेससकट!